न्यूयॉर्क सबवे: जुन्या गाड्यांवरच्या पाट्या फिरायच्या कशा?

क्वीन्सकर

न्यूयॉर्कला नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो. डी लाइनची जुनी गाडी प्लॅटफॉर्मला लागते. डब्याच्या कडेला नारिंगी गोलात ‘डी’, शेजारी ब्रॉंक्समधल्या २०५ स्ट्रीटचं नाव आणि ब्रुकलिनच्या पार टोकाला असलेल्या कोनी आयलंडचंही नाव. शहराची दोन्ही टोकं एकाच पाटीवर. मग गाडी चालली कुठे?

उत्तर असं की गाडी कुठल्या दिशेला चालली आहे ते तुम्ही कुठल्या प्लॅटफॉर्मवर उभे आहात त्यावरून कळतं, अपटाउन (उत्तरेकडे) की डाउनटाउन (दक्षिणेकडे). पाटी फक्त लाइन सांगते. आणि ती असं का करते, याचं कारण पाटीच्या पोटात आहे.

डब्याच्या भिंतीत एक पेटी असते. पेटीत वर एक आणि खाली एक असे दोन रोलर, त्यांच्यावर गुंडाळलेली लांबलचक पट्टी, आणि पट्टीवर एकाखाली एक छापलेली नावं. हँडल फिरवलं की पट्टी एका रोलरवरून सुटते आणि दुसऱ्यावर गुंडाळली जाते. हवं ते नाव काचेसमोर आलं की थांबायचं. मागे दिवा असतो. पट्टी काळी आणि अक्षरं पांढरी, त्यामुळे उजेड अक्षरांतूनच बाहेर येतो आणि अंधाऱ्या स्टेशनातही नाव लांबून वाचता येतं. पूर्वी ही पट्टी कापडाची असे. ८०च्या दशकातल्या आर६२ आणि आर६८ या मॉडेलच्या गाड्यांत ती माइलरची, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मची आहे.

आता हिशेब करा. दहा डब्यांची गाडी, डब्याच्या प्रत्येक बाजूला एकच पेटी धरली तरी वीस पेट्या. प्रत्येक पेटीत एक गुंडाळी लाइनच्या अक्षराची किंवा आकड्याची, आणि बाकीच्या नावांच्या. म्हणजे साठ-सत्तर गुंडाळ्या, आणि प्रत्येक हाताने फिरवायची. शेवटच्या स्टेशनवर गाडी काही मिनिटं थांबते आणि उलटी निघते. तेवढ्यात हे कोण करणार? म्हणून दोन्ही टोकांची नावं एकदमच दाखवायची, की दिवसभर पाटीला हात लावायला नको. गाडी दुसऱ्या लाइनवर काढली तरच सगळं फिरवायचं.

मला ही युक्ती फार आवडते. प्रवाशाला अर्धंच उत्तर मिळतं, पण ते कधी चुकत नाही. दर फेरीला बदलायची पाटी असती तर निम्मे डबे उलट दिशा दाखवत फिरले असते.

याआधीच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्यांबद्दल जाणकारांनी लिहावं. सांधेवाला काका, तुमची वाट बघतोय.

मुक्काम_पोस्ट

छान धागा. वाचतोय. या गाड्या अजून धावतात का? मी गेल्या खेपेला गेलो तेव्हा बहुतेक ठिकाणी दिव्यांच्याच पाट्या दिसल्या.

क्वीन्सकर

धावतात की. १, ३, ६ आणि बी, डी या लाइनवर हमखास भेटतील. ७ वर मात्र आता नाहीत, तिथे आर१८८ आल्या. आर४२ फेब्रुवारी २०२० मध्ये गेल्या आणि आर३२ जानेवारी २०२२ मध्ये. आर३२ १९६४-६५ सालच्या, म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त चालल्या.

(नवीन वाचकांसाठी: हे ‘आर’चे आकडे म्हणजे गाड्यांच्या खरेदीच्या कंत्राटांचे क्रमांक. गाड्यांची ओळख त्यांच्यावरूनच पडली आहे.)

सांधेवाला

हाक मारलीस तर लिहितो. थोडं लांबेल.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या, न्यूयॉर्कची सबवे एका घरची नाही. २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झाली ती आयआरटी या खाजगी कंपनीची. दुसरी खाजगी कंपनी बीएमटी. तिसरी आयएनडी ही शहराने स्वतः बांधली, तिची पहिली लाइन सप्टेंबर १९३२ मध्ये उघडली. १९४० मध्ये तिन्ही शहराच्या ताब्यात एकत्र आल्या. तिघांच्या पाट्यांच्या तऱ्हा वेगळ्या, आणि नंतरचा बराचसा घोळ त्यातूनच आला.

आयआरटीच्या जुन्या डब्यांना गुंडाळी नव्हती. खिडकीशी खाच असे आणि तिच्यात रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या सरकवत. ठिकाण बदललं की पाटी काढा, दुसरी घाला. बीएमटीने १९१४ पासून जे मोठे पोलादी डबे आणले, त्यांना कडेला गुंडाळी होती. आयएनडीच्या आर१ ते आर९ या गाड्या १९३० ते १९४० मधल्या. त्यांना कडेला गुंडाळी होतीच, शिवाय समोर लाइनचं अक्षर दाखवणारी गुंडाळी होती.

अक्षराची कल्पना आयएनडीची. तीही नीट विचार करून बसवलेली. ए म्हणजे एट्थ अव्हेन्यूने मॅनहॅटनच्या उत्तरेकडचं वॉशिंग्टन हाइट्स, बी म्हणजे सिक्स्थ अव्हेन्यूने तिकडेच. सी आणि डी ब्रॉंक्समधल्या काँकोर्सच्या, ई आणि एफ क्वीन्सच्या. एक अक्षर असेल तर एक्स्प्रेस, तेच अक्षर दोनदा असेल तर लोकल. म्हणजे ए जलद आणि एए सगळीकडे थांबणारी. पाटीवर एका नजरेत मार्गही कळला आणि वेगही.

आयआरटीला आकडे १९४८ मध्ये मिळाले, आर१२ गाड्या आल्या तेव्हा. त्याआधी तिथल्या लाइन नावांनीच ओळखल्या जात. बीएमटीचे स्वतःचे आकडे १९२४ पासून होते, पण लोकांच्या तोंडी ब्रायटन, सी बीच, वेस्ट एंड हीच नावं. तिथे १९६० मध्ये आर२७ गाड्यांबरोबर अक्षरं आली.

आता मुद्द्याचं. न्यूयॉर्कमध्ये नुसतं शेवटच्या स्टेशनचं नाव लिहून भागत नाही. कोनी आयलंडचंच बघा. आज तिथे चार लाइन जातात: डी वेस्ट एंडने, एफ कल्व्हरने, एन सी बीचने आणि क्यू ब्रायटनने. चौघींचं टोक एकच, मधली स्टेशनं पार निराळी. पाटीवर ‘कोनी आयलंड’ वाचून चुकीच्या गाडीत बसलात की ब्रुकलिनच्या भलत्याच भागात उतराल. म्हणून मार्गाचं नाव पाटीवर लागायचंच, आणि पुढे तेवढ्याच कारणाने अक्षर हीच गाडीची खरी ओळख झाली.

लालपरी

सांधेवाला काका, ती पत्र्याची पाटी म्हणजे थेट आपली एसटीची पाटी झाली की! काचेमागे ‘पुणे – सातारा – कराड’, आणि परतीला कंडक्टर ती उलटी करून लावतो. मधलं गाव लिहिलेलं असतं तेही याचसाठी, कारण कोल्हापूरला जायला रस्ते अनेक.

सांधेवाला

बरोबर. ‘मार्गे’ लिहिणं हेच तिथलंही कळीचं काम.

शिवडीची_सई

आमच्या लहानपणी बेस्टच्या बसला वर कापडी गुंडाळी असायची, समोर मराठीत, कडेला इंग्रजीत आकडे. डेपोत बस शिरली की ती गरगर फिरताना बघायला मजा यायची. सगळी गावं एका मागोमाग एक पळायची.

एक विचारायचंय. पट्टीवर जे छापलंय तेवढंच दाखवता येणार. मग नवीन लाइन सुरू झाली किंवा एखादी बंद झाली तर?

क्वीन्सकर

सई ताई, नेमका प्रश्न विचारलात. गुंडाळीची हीच मर्यादा. कुठेतरी कोणीतरी आधी बसून यादी करायची, की ही गाडी तिच्या आयुष्यात कुठे कुठे जाऊ शकेल. यादीत नाव नसेल तर गाडी तिथे गेली तरी पाटी ते सांगू शकत नाही. मग नवी पट्टी छापा, नाहीतर जुनी कापून मधे तुकडा जोडा.

यादी किती वेळा मोडली बघा. २६ नोव्हेंबर १९६७ ला क्रिस्टी स्ट्रीटचा जोड उघडला आणि मॅनहॅटन ब्रिजवरून येणाऱ्या बीएमटीच्या लाइन थेट आयएनडीच्या सिक्स्थ अव्हेन्यूला जाऊ लागल्या. तोवर दोन्हीकडच्या गाड्यांना एकमेकींची स्टेशनं माहीत असायची गरज नव्हती. त्या काळची डी गाडी ब्रॉंक्समधून निघून ब्रायटनमार्गे समुद्रापर्यंत जाऊ लागली. क्यूजे, एनएक्स, ईई अशी नवी जोडाक्षरं पाटीवर आली. पुढे १९७९ मध्ये रंग बदलले. १९८५ मध्ये दुहेरी अक्षरंच रद्द झाली आणि एए ची के झाली. तीही १९८८ च्या अखेरीस बंद. ९ क्रमांक १९८९ मध्ये आला, २००५ मध्ये गेला. डब्ल्यू २००१ मध्ये आली, २०१० मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली.

दर वेळी शेकडो डबे, प्रत्येकात इतक्या पेट्या. लाइन बंद झाली म्हणून कोणी पट्टी लगेच फाडून काढत नाही, तिच्यावरचं नाव आत गुंडाळलेलंच राहतं. त्यामुळे एखादी जुनी पट्टी पूर्ण उलगडली की त्या काळात कारभाऱ्यांनी काय काय धरून ठेवलं होतं ते समोर येतं. नकाशा त्या दिवशीची अवस्था सांगतो, पट्टी त्याबरोबर शक्यताही सांगते. माझ्या मते सबवेचा इतिहास शिकायला पट्टीइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

मुक्काम_पोस्ट

एक बाळबोध शंका. प्रवासी पाटी वाचतो हे ठीक. पण बोगद्यात सांधे बदलणाऱ्या माणसाला कसं कळायचं की येणारी गाडी कुठल्या मार्गाला लावायची? त्याला काही ही बारीक अक्षरं वाचता येणार नाहीत.

सांधेवाला

बाळबोध मुळीच नाही, फार चांगली शंका आहे. त्यासाठी वेगळी पाटी होती, दिव्यांची.

जुन्या गाड्यांच्या कपाळावर वरच्या दोन कोपऱ्यांत एकेक छोटा दिवा असे. दोन्हींचा रंग बदलता यायचा: लाल, हिरवा, पिवळा वगैरे. डाव्या आणि उजव्या दिव्याच्या रंगांची जोडी म्हणजे एक मार्ग. सांध्यांच्या केबिनमधल्या माणसाला अंधारातून फक्त दोन रंगीत ठिपके येताना दिसले तरी पुरे. जोडी ओळखायची आणि सांधे लावायचे. मागच्या टोकाला दोन्ही दिवे लाल, म्हणजे गाडी इथे संपली. रोजचे प्रवासीही या जोड्या शिकत आणि गाडी बोगद्यातून बाहेर येण्याआधीच आपली की परकी ते सांगत. जिथे अनेक लाइन एकाच रुळावरून येतात तिथे ही मोठीच सोय.

समोर मोठं अक्षर किंवा आकडा ठळक दिसू लागल्यावर दिव्यांचं महत्त्व ओसरलं आणि नंतरच्या गाड्यांतून ते गेलेच. पुढे काही स्टेशनांत मोटरमनसाठी बटणांची पेटी बसवली. खिडकीतून हात काढून आपल्या मार्गाचं बटण दाबायचं, की केबिनला कळतं.

मी आयुष्यभर रेल्वेत काढलं. माणसाला घाईत वाचावं लागू नये, नुसतं बघून कळावं, हा विचार शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी केला होता याचं मला आजही कौतुक वाटतं.

अक्षरवेडा

रंगांचा विषय निघालाय तर माझी भर.

सुरुवातीच्या पाट्या रंगाने गरीब होत्या, काळ्यावर पांढरं एवढंच. लाइनला रंग देण्याची पद्धत १९६७ मध्ये आली. पाट्यांच्या अक्षरांना शिस्त लावण्याचं काम मासिमो विग्नेली आणि बॉब नूर्डा यांच्या युनिमार्क या संस्थेने केलं. त्यांची ग्राफिक स्टँडर्ड्सची पुस्तिका १९७० ची. पाट्यांच्या फाँटला लोक हेल्व्हेटिका म्हणतात, पण तेव्हाचा फाँट स्टँडर्ड मीडियम. हेल्व्हेटिका अधिकृत झालं १९८९ मध्ये.

१९६७ च्या पद्धतीत प्रत्येक लाइनला आपला रंग. लाइन इतक्या आणि डोळ्याला ओळखता येणारे रंग मोजकेच, त्यामुळे लांबून गोंधळ व्हायचा. १९७९ मध्ये पद्धत पालटली आणि मॅनहॅटनमध्ये गाडी ज्या मुख्य रस्त्याखालून जाते त्याचा रंग दिला. एट्थ अव्हेन्यू निळा, सिक्स्थ नारिंगी, ब्रॉडवे पिवळा, लेक्सिंग्टन हिरवा, सेव्हन्थ लाल, फ्लशिंग जांभळा. आता रंग रस्ता सांगतो, अक्षर लाइन सांगतं, आणि आकार? गोल म्हणजे नेहमीची गाडी, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे गर्दीच्या वेळची एक्स्प्रेस. ६ आणि ७ ला हे आजही आहे. तीन खुणा एका वितीत बसवल्यात. वाचता न येणाऱ्यालाही आपली गाडी सापडेल.

जॅक्सनहाइट्सवाली

७ चा उल्लेख आला म्हणून लिहिते. फ्लशिंगच्या गणपती मंदिरात जायला आम्ही हीच गाडी घेतो. फ्लशिंगहून परतताना एकच चिंता, ही एक्स्प्रेस आहे की लोकल, कारण आमच्या ७४ स्ट्रीटला फक्त लोकल थांबते. आर१८८ यायच्या आधी तिथे ज्या आर६२ए होत्या, त्यांच्या कडेच्या पाटीत २००८ च्या सुमारास दिव्यांची सोय केली होती. छापील पाटी तशीच, पण आकड्याभोवती हिरवा गोल पेटला तर लोकल, लाल चौकट पेटली तर एक्स्प्रेस. सासूबाईंना इंग्रजी वाचायची सवय नव्हती, पण ‘हिरवा गोल’ एवढं सांगितलं की एकट्या मंदिरात जाऊन यायच्या.

क्वीन्सकर

किती छान आठवण! ७ ला ही सोय करावी लागली याचं कारण वर लिहिलेलंच. त्या लाइनवर एकच गाडी एका फेरीला लोकल आणि पुढच्या फेरीला एक्स्प्रेस व्हायची. दोन्ही टोकं छापून प्रश्न सुटत नव्हता, कारण टोकं दोन्हींची तीच. दर फेरीला सगळ्या पेट्या फिरवणं शक्य नाही. मग फक्त बदलणारा भाग दिव्यांवर आणला आणि बाकी गुंडाळी ठेवली.

पूर्णविराम

मला वाटतं तुम्ही सगळे जुन्या पाट्यांवर जरा जास्तच प्रेम करताय. रात्री काम निघालं, गाडी मधेच दुसऱ्या मार्गाने वळवली, तर गुंडाळीची पाटी जुनंच नाव दाखवत राहते. कंडक्टर घोषणा करतो, ती ऐकू आली तर आली. ज्याला ऐकू येत नाही त्याने काय करायचं? दिव्यांची पाटी एका बटणाने सगळ्या डब्यांत बदलते, आणि वळवलेला मार्गही दाखवते. आर१६० मध्ये तर आत पुढच्या स्टेशनांची यादीच असते. प्रवाशाचा विचार केला तर नवं चांगलं.

सांधेवाला

मुद्दा रास्त आहे. ७०च्या दशकात देखभालीला पैसे नव्हते, डबे रंगवून विद्रूप केलेले, पाट्या अडकलेल्या किंवा भलतंच दाखवणाऱ्या. एकाच गाडीच्या दोन डब्यांवर दोन वेगळी नावं असत. लोक कडेची पाटी वाचणं सोडूनच देत आणि समोरच्या अक्षरावर विसंबत, कारण ते एकच असतं आणि मोटरमन आपल्या केबिनमधून बदलू शकतो. हाताने फिरवायच्या यंत्राला हात लावणारा माणूस लागतो. माणसं कमी केली की पाटी खोटी पडते.

क्वीन्सकर

मला पटतं. नव्या पाट्यांची सोय मी नाकारत नाही. एकच म्हणेन, मधल्या काळातले प्रयोग जपून बघावे लागतात. ९०च्या सुरुवातीला आर४६ गाड्यांची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा कडेच्या गुंडाळ्या काढून एलसीडी बसवले. बदलायला सोपे, पण अक्षरं बारीक, रंग नाही, आणि वय झालं की फिकट. गाडी धावत येताना निळा गोल दिसायचा तो कडेने दिसेनासा झाला. पाटी बदलणाऱ्याची सोय झाली, वाचणाऱ्याची कमी झाली. नंतरच्या नव्या गाड्यांत लाइनचा रंग दिव्यांनी परत आणला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिवडीची_सई

डिसेंबरात लेकाकडे न्यू जर्सीला येतेय. यातलं काही प्रत्यक्ष हाताळून बघता येईल का?

क्वीन्सकर

जरूर या ताई. ब्रुकलिनमध्ये बोरम प्लेस आणि शर्मरहॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ट्रान्झिट म्युझियम आहे. कोर्ट स्ट्रीट हे जुनं स्टेशन १९३६ मध्ये उघडलं, १९४६ मध्ये बंद झालं, आणि १९७६ पासून तिथे हे प्रदर्शन आहे. खाली खऱ्या रुळांवर खरे डबे उभे आहेत, आत जाऊन बसता येतं. आर१ चा १०० क्रमांकाचा डबा तिथलाच. वेताच्या विणीच्या सीटा, छताला पंखे. एकाच प्लॅटफॉर्मवर चालत चालत सगळ्या पिढ्यांच्या पाट्या बघून होतात. घाई करू नका. आधी बाहेर उभं राहून पाटी वाचा, मग आत जाऊन ती कुठून फिरवायची ते शोधा.

डिसेंबरात बहुधा काही दिवस जुन्या आर१ ते आर९ गाड्याही नेहमीच्या तिकिटात खऱ्या लाइनवर सोडतात. तारखा आधी बघून घ्या.

लालपरी

बाद झालेल्या गाड्यांच्या पट्ट्यांचं काय होतं? भंगार?

सांधेवाला

सगळंच भंगारात जात नाही. २००१ नंतर लाल रंगाचे जुने आयआरटी डबे, ज्यांना रेडबर्ड म्हणतात, ते शेकड्यांनी डेलावेअरजवळ अटलांटिकमध्ये बुडवले, माशांसाठी कृत्रिम खडक म्हणून. बुडवण्याआधी आतलं सगळं काढून घेतलं. काढलेल्या पट्ट्यांपैकी बऱ्याच संग्राहकांकडे जातात, आणि त्यांची नक्कल करून छापलेलीही पुष्कळ विकली जातात.

कोणी विकत घेणार असेल तर एवढं बघा: खऱ्या पट्टीच्या कडा रोलरवर घासून झिजलेल्या असतात, आणि रोज लागणाऱ्या नावांचा भाग बाकीच्यापेक्षा जास्त मळलेला आणि सुरकुतलेला असतो. कापडी असेल तर घडी घालू नका, रंग घडीवर तडकतो. जाड नळीवर गुंडाळूनच ठेवा.